कुलूप-किल्लीच्या पुढे

विकरे, म्हणजेच एन्झाइम, ही सजीवांतील रासायनिक अभिक्रिया वेगाने घडवणारी प्रथिने, म्हटली की कुलूप आणि किल्लीची उपमा हमखास आठवते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये मांडलेली ही उपमा (विकर म्हणजे कुलूप, तर पदार्थ म्हणजे त्यात नेमकी बसणारी किल्ली), एखादे विकर ठरावीक पदार्थावरच का काम करते, हे उत्तम समजावते. पण अभिक्रिया इतकी वेगाने का होते, याचे उत्तर तिच्यात नाही. मी स्वतः बरीच वर्षे तेवढ्यावरच समाधान मानले होते.

कोणत्याही अभिक्रियेत जुने बंध अर्धवट तुटलेले आणि नवे अर्धवट जुळलेले असा एक अत्यंत अल्पजीवी टप्पा येतो. त्याला संक्रमण अवस्था म्हणतात, आणि तिथवर चढण्यासाठी लागणारी ऊर्जा हीच खरी अडचण असते. विकराच्या रेणूतील ज्या पोकळीत अभिक्रिया घडते, ती मूळ पदार्थापेक्षा या मधल्या अवस्थेला अधिक घट्ट धरते, असे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९४० च्या दशकात मांडले. मला हा विचार फार सुंदर वाटतो, कारण मूळ पदार्थच गच्च धरून ठेवला, तर त्याचे रूपांतर उलट अवघड होईल.

तांबड्या रक्तपेशींतील कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज या विकराचे उदाहरण घेऊ. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून बायकार्बोनेट आपोआपही बनते, पण त्याला कित्येक सेकंद लागतात, आणि रक्त तर केशवाहिनीतून जेमतेम सेकंदभरात पुढे सरकते. या विकराच्या पोकळीत जस्ताचा एकच आयन (विद्युतभारित अणू) तीन हिस्टिडिनांनी, म्हणजे प्रथिनाचे घटक असलेल्या अमिनो आम्लांनी, धरून ठेवलेला असतो. त्याला चिकटलेल्या पाण्याच्या रेणूतून प्रोटॉन सहज सुटतो, आणि उरलेला हायड्रॉक्साइड शेजारी आलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या कार्बनशी बंध जोडतो. तयार झालेले बायकार्बोनेट निघून जाते, त्याच्या जागी पाण्याचा नवा रेणू येतो, आणि विकराचा एक रेणू हे सेकंदाला सुमारे १० लाख वेळा करू शकतो.

काही अभिक्रिया तर विकरांवाचून जवळजवळ होतच नाहीत. डीएनए आणि आरएनएचे घटक तयार होताना ओरोटिडीन मोनोफॉस्फेट या रेणूमधून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. विकर नसेल, तर निम्म्या रेणूंचे रूपांतर होण्यास सुमारे ७.८ कोटी वर्षे लागतील, असे प्रयोगांवरून काढलेले अनुमान आहे.

मात्र अभिक्रियेचा समतोल, म्हणजे शेवटी मूळ पदार्थ आणि नवे पदार्थ यांचे प्रमाण, कुठे स्थिरावणार, हे विकर ठरवत नाही. ते दोन्ही दिशांची वाट सारखीच सोपी करते. म्हणूनच फुप्फुसांत पोहोचल्यावर, जिथे कार्बन डायऑक्साइड सतत बाहेर जात असतो, तिथे हेच कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज बायकार्बोनेटपासून तो वायू पुन्हा मोकळा करते.