मामाच्या एक्सटीसाठी ३६० केबीची फ्लॉपी

परभणीच्या मोंढ्यात मामाची आडत होती, तेव्हाचा त्यांचा पीसी-एक्सटी, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या घडणीचा संगणक, अजून चालतो. हार्ड डिस्क नाही, सव्वापाच इंची ३६० केबीचे दोन ड्राइव्ह. मशीन ज्यावर सुरू होतं त्या डॉस प्रणालीच्या फ्लॉपीला मात्र बुरशी लागली होती, म्हणून मशीन सुरूच होईना. नवी बूट फ्लॉपी करून द्यायचं काम मी घेतलं.

माझ्याकडे जुना पेंटियम आणि १.२ एमबीचा सव्वापाच इंची ड्राइव्ह होता. १९८४च्या आयबीएम एटी या संगणकाबरोबर आलेला हा प्रकार ३६० केबीच्या फ्लॉप्या व्यवस्थित वाचतो. अडचण लिहिताना येते. ३६० केबीच्या ड्राइव्हमध्ये ४० ट्रॅक, म्हणजे लिहायचे गोल पट्टे, १.२ एमबीमध्ये ८०, त्यामुळे १.२ एमबीवाल्याचं हेड, म्हणजे लिहिणारं-वाचणारं टोक, साधारण निम्म्या रुंदीचं. वापरलेल्या फ्लॉपीवर ते लिहितं तेव्हा जुन्या पिकाची धसकटं दोन्ही कडांना तशीच राहतात आणि मधून नवी पेरणी होते. एक्सटीचं रुंद हेड दोन्ही एकदम उचलतं आणि ‘सेक्टर नॉट फाउंड’ म्हणून थांबतं. म्हणूनच मामांच्या हिशोबाच्या सगळ्या फ्लॉप्यांच्या खाचेवर आधी चिकटपट्टी लावली. माझ्या ड्राइव्हला त्यांच्यावर एक अक्षरही लिहू द्यायचं नव्हतं.

कोऱ्या फ्लॉप्या मिळेनात. नांदेडच्या एका डीटीपीवाल्याकडे वापरलेल्या सापडल्या. त्यातल्या मधल्या भोकाला कडक रिंग असलेल्या निवडल्या; डबल डेन्सिटीला (३६० केबीच्या फ्लॉपीला) बहुधा ती असते, हाय डेन्सिटीला (१.२ एमबीच्या) सहसा नसते. हाय डेन्सिटी इथे उपयोगाचीच नाही. तिच्या लेपाला चुंबकित करायला जवळपास दुप्पट जोर लागतो, तो ३६० केबीच्या ड्राइव्हमध्ये नसतो.

आता जुनं चुंबकत्व पूर्ण पुसायचं. कॅसेट भरून देणाऱ्या एका दुकानदाराकडे टेप पुसायचं विजेवरचं यंत्र होतं, ते मागून आणलं. फ्लॉपीच्या दोन्ही बाजूंवरून ते गोल गोल फिरवलं, चालू ठेवूनच सावकाश हातभर लांब नेलं आणि मगच बटण बंद केलं. जवळच बंद केलं तर तिथे चुंबकत्वाचा डाग राहतो.

मग पेंटियमच्या बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, ड्राइव्हचा प्रकार १.२ एमबी ठेवून डॉस ६.२२ मध्ये ‘फॉरमॅट ए: /एफ:३६० /यू /एस’ दिलं, म्हणजे फ्लॉपी ३६० केबीची नव्याने आखायची आणि तिच्यावर डॉसही टाकायचं. फॉरमॅट आणि डिस्ककॉपी या फाइलीही टाकल्या. त्याआधी एक्सटीचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतलं होतं. कापसाच्या बोळ्यावर तपकिरी भुकटी आली.

फ्लॉपी घातली, खटका खाली केला. ड्राइव्ह कुरकुरला आणि मशीनने तारीख विचारली: १-१-१९८०. एक्सटीत घड्याळाची बॅटरीच नसते, त्यामुळे ते दर वेळी तिथूनच सुरू होतं.

“वर्ष चार आकडी टाका मामा, दोन आकडी चालत नाही,” मी म्हटलं.

लगेच बी ड्राइव्हमध्ये दुसरी फ्लॉपी एक्सटीवरच फॉरमॅट केली. आता पुढच्या सगळ्या प्रती एक्सटीच्याच हेडने होतात, पेंटियमवर त्या फक्त वाचायच्या.