हेल्दी म्हणून आणलेलं तेच नेमकं

पाकिटातलं खाणं कमी करायचं ठरवलं तेव्हा मला वाटलेलं, आपल्याला काय अवघड आहे, चिप्स आणि कोल्ड्रिंक तर मी तसंही फारसं घेत नाही. मग एका रविवारी कपाट उपसलं आणि काय निघालं, तर प्रोटीन बार, मल्टिग्रेन बिस्किटं, शुगर-फ्री कुकीज, स्ट्रॉबेरी फ्लेवरचं लो-फॅट योगर्ट (हे अर्थात फ्रिजमधून) आणि एक शेकचा डबा ज्यावर जांभळ्या अक्षरात 'फॉर विमेन ४५+' लिहिलेलं. म्हणजे गंमत बघा, हे सगळं मी पाळी लांबायला लागल्यावरच आणलेलं. पोट सुटतंय म्हणून, हाडांसाठी म्हणून.

आणि भीती काही खोटी नव्हती. इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं मुख्य हार्मोन, उतरलं की चरबी पोटाकडे साठायला लागते, शरीर इन्सुलिनला आधीसारखं जुमानत नाही, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वर सरकतं, स्नायू घटतात आणि हाडं तर शेवटच्या पाळीच्या आसपासची काही वर्षं फारच झपाट्याने विरळ होतात. पण घाबरलेल्या बाईला विकायला पाकिटवाले तयारच असतात ना, पूर्वी गोरेपणा विकायचे आता मेनोपॉज.

२००९ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलो विद्यापीठातले संशोधक कार्लोस मोंतेरो यांनी खाण्याची विभागणी पौष्टिक-अपौष्टिक अशी न करता त्यावर प्रक्रिया किती आणि कशासाठी केली यावरून मांडली, तिला नोवा म्हणतात, चार गट आहेत. चौथा गट अल्ट्रा-प्रोसेस्ड, म्हणजे कारखान्यात भरपूर प्रक्रिया करून बनवलेलं. ओळखायची खूण सोपी, घटकांच्या यादीत स्वयंपाकघरात कधीच नसणाऱ्या गोष्टी दिसतात, माल्टोडेक्स्ट्रिन, इमल्सिफायर, फ्लेवर, प्रोटीन आयसोलेट. माझ्या बारमध्ये चारही होते! फ्रोझन मटार, साधं दही, डब्यातले नुसते उकडलेले बीन्स यात येत नाहीत, त्यामुळे ते टाकायची गरज नाही, हे कळल्यावर जीव भांड्यात पडला.

२०१९ चा अमेरिकेतले संशोधक केव्हिन हॉल यांचा प्रयोग मला सगळ्यात पटला. २० जणांना दोन आठवडे अल्ट्रा-प्रोसेस्ड आणि दोन आठवडे साधं जेवण दिलं, दोन्हीकडे समोर ठेवलेल्या कॅलरी, साखर, फॅट, फायबर सारखंच, आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. पाकिटाच्या आठवड्यांत लोकांनी रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या, भराभरही खाल्लं आणि वजन जवळपास १ किलो वाढलं. ही माणसं सरासरी ३१ वर्षांची होती, म्हणजे आपल्या वयाचा प्रयोग नाही हा, पण पंचवीस वर्षं "तुझा कंट्रोल नाही" असं मी स्वतःलाच ऐकवत आलेय त्याला जरा उत्तर मिळालं.

सगळं एकदम बंद केलं नाही, तसं केलं की मी आठव्या दिवशी हमखास ढासळते. माझी वेळ म्हणजे दुपारचे चार. रात्री घाम फुटून दोनदा उठलेलं असतं, झोप अर्धवट, आणि चारला मेंदू म्हणतो गोड दे. म्हणून फक्त चारचं बदललं, उकडलेलं अंडं किंवा दही आणि फळ, आणि ते आधीच समोर दिसेल असं ठेवायचं, कारण त्या वेळी मी काही कापायला-सोलायला उभी राहणार नाही हे मला पक्कं माहितेय. फ्लेवरचं योगर्ट गेलं, साधं आलं. पहिले दहा-बारा दिवस साधं दही अगदीच कसंतरी लागलं, खोटं कशाला बोलू.

एक गोष्ट मात्र ठेवली, कॅल्शियम घातलेलं सोया दूध. नोवाच्या हिशोबात ते बहुतेक वेळा चौथ्या गटातच जातं, पण मला दूध पचत नाही आणि पन्नाशीनंतर दिवसाला १२०० मिलिग्रॅमपर्यंत कॅल्शियम लागतं असं सांगतात, तेवढं मी दुसरीकडून कुठून आणू.

हॉट फ्लॅश, म्हणजे अंगातून अचानक उठणाऱ्या त्या गरम लाटा, थांबले का, तर नाही. चार महिने झाले, ते आपले येतातच आणि त्यासाठी डॉक्टरांकडे वेगळं बोलणं चालू आहे. पोटाचा तो संध्याकाळचा फुगा मात्र गेला आणि चारची चिडचिड बरीच उतरली, घरातले म्हणतात. ४५+ वाला डबा आता डाळ ठेवायला वापरतेय, झाकण छान घट्ट बसतं त्याचं.