शिलाईचे पाकीट

भाचीचे लग्न उरकून घरी आले, सोबत नेलेली भांडी अजून पोत्यातच आहेत, आणि माझे मन मात्र निघताना वहिनीने हातात दिलेल्या दुसऱ्या पाकिटात अडकून बसले आहे. पहिले पाकीट आत्याच्या मानाचे होते. त्यावर हळदीकुंकवाची बोटे उमटली होती आणि आत पाचशेच्या नोटेबरोबर एक रुपया होता. दुसरे कोरे होते, आणि त्यात बरोबर दोन हजार, वर रुपया नाही. "ताई, हे तोरणांच्या शिलाईचे, ठेवा," एवढेच म्हणून वहिनी बुंदीचे डबे भरायला वळली.

वरचा एक रुपया नसला की तो आहेर नसतो, ती मजुरी असते, हे आपल्याकडे लहान मुलालाही कळते. मांडववाल्याला, आचाऱ्याला, वाजंत्रीवाल्यांना असेच कोरे पाकीट दिले जाते, आणि त्या रांगेत आपण नेमके कितव्या होतो, हा विचार काही केल्या डोक्यातून जात नाही.

ती तोरणे मी कोणासाठी शिवली होती? जळगावात मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर जातो. झेंडूच्या माळा सकाळी बांधल्या तर हळद लागेपर्यंत मान टाकतात, म्हणून दारावर कापडीच तोरण हवे, हे मीच सुचवले होते. आईची सुती लुगडी ट्रंकेतून काढली. जुने लुगडे मध्ये विरते, कारण बसण्याउठण्याचा ताण तिथेच येतो. काठ मात्र धड राहतात. म्हणून मधला भाग सोडून काठाकडच्या पताका कापल्या आणि त्यांना मागून मांजरपाटाचे अस्तर लावले. मांजरपाट आधी भिजवून आटवून घ्यावे लागते, नाहीतर पहिल्याच धुण्यात पताका वाटीसारखी वळते. टोक उलटवण्यापूर्वी तिथले जादा कापड कापून टाकायचे आणि बोथट सुईने हळूच बाहेर ढकलायचे. घाई केली की टोक फाटते. हे सगळे पंखा बंद ठेवून, कारण तो लावला की कापलेले तुकडे खोलीभर उडतात. पट्टी शिवताना आईचा एक काठ हातात आला तेव्हा... ते असो.

हळदीच्या दिवशी मांडवात, रावेरहून आणलेल्या केळीच्या खांबांवर तोरणे चढली. शेजारच्या म्हाताऱ्या काकूंनी खालून निरखून पाहिले आणि म्हणाल्या, "हाई तर तुनी मायनं लुगडं शे!" त्या एका वाक्यात माझी सगळी शिलाई वसूल झाली होती, असे मी तेव्हा समजत होते. मग त्या कोऱ्या पाकिटाची गरज काय होती? दादाला ते माहीत होते का, हे मी विचारणार नाही.

काल दुपारी रागारागात, केवळ वहिनीची चूक आकड्यांनी सिद्ध करावी म्हणून, मी वहीत हिशेब मांडला. एका माळेची पट्टी 10 मीटर. पताकेचा पाया 18 सेंटिमीटर आणि मधली जागा 2 सेंटिमीटर, म्हणजे माळेला 50 पताका. अशा आठ माळा, म्हणजे 400 पताका, आणि अस्तर धरून 800 तुकडे. दोन हजारांना चारशेने भागले तर पताकेमागे पाच रुपये पडतात, आणि त्यातूनही दोरा, मांजरपाट आणि पट्टीचे पैसे वजा जायचे. पाच रुपये! बाजारात कोणी टाकेही घालून देणार नाही.

वही मिटताना लक्षात आले की मघापर्यंत मला पैसे दिल्याचे दुःख होते आणि आता ते कमी दिल्याचे आहे. दोन्ही दुःखे एकाच वेळी बाळगणे जरा जड जाते, आणि खरे सांगायचे तर दुसरे अधिक सोयीचे आहे, कारण त्यावर निदान भांडता येते. वहिनीला तरी काय दोष द्यावा? मुलीच्या लग्नात प्रत्येकाचे देणे ज्याचे त्याला चुकते करताना तिने माझे कष्टही कोणाच्या तरी यादीत लिहिले होते. यादीत नसते तर "नणंदेने फुकट केले" हे मीच वर्षभर ऐकवले असते. माझा स्वभाव मला माहीत आहे.

आज सकाळी वहिनीचाच फोन आला. तोरणे धुऊन, घड्या घालून ठेवली आहेत. धाकट्याच्या लग्नाला पुन्हा लावायची म्हणते. दोन माळांची पट्टी उसवली आहे, मशीन घेऊन दोन दिवस राहायला याल का, असे तिने विचारले. मी लगेच "येते" म्हणाले, आणि भरीत तुमच्याच हातचे हवे, हेही सांगून टाकले. या वेळचा दर काय, हे विचारायचे फोन ठेवल्यावर आठवले.