टेबलावर राहिलेली पुस्तके

"सर, तुमच्या यादीत ज्याला वाचकच नाही, ते पुस्तक मी रोज संध्याकाळी टेबलावरून उचलून जागेवर ठेवतो," असे ग्रंथालयातील मामा आज सहज म्हणाले आणि माझा हात माउसवरच थांबला.

विद्यापीठ ग्रंथालयाच्या पुस्तक-देवघेवीच्या नोंदींमधून वाचकांच्या आवडी शोधण्याचे काम मी करतो आहे. त्यासाठी वापरलेली एप्रायॉरी ही संगणकीय पद्धत राकेश अग्रवाल आणि रामकृष्णन श्रीकांत यांनी 1994 मध्ये मांडली. दुकानात एकत्र खरेदी होणाऱ्या वस्तूंसारखी एकत्र नेली जाणारी पुस्तके ती शोधते, मात्र ठरवलेल्या किमान संख्येपेक्षा ज्याच्या नोंदी कमी असतील, ते पुस्तक पहिल्याच फेरीत गाळले जाते. ती संख्या मीच ठरवली होती, तीही संगणकाला वेळ कमी लागावा म्हणून!

मामांचे पुस्तक जाडजूड आहे, घरी नेण्यास गैरसोयीचे आहे आणि म्हणून ते वाचनकक्षातच वाचले जाते. त्याची कुठेही नोंद होत नाही. उलट परीक्षेच्या तोंडावर नेलेले क्रमिक पुस्तक न उघडता परत आले, तरी माझ्या तक्त्यात ती 'आवड' ठरते.

प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, असे ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्येच सांगितले होते. उद्यापासून टेबलांवरची पुस्तके जागेवर ठेवण्यापूर्वी त्यांचे बारकोड टिपून घ्यावेत, असे मामांना सुचवले आहे.

तुमच्या ग्रंथालयात अशी नोंद कोणी ठेवते का?