ओळखपत्रावरचा क्रॉस

शुक्रवार, रात्री उशिरा

सोशल वर्कच्या फील्डवर्कचं प्रोसेस रेकॉर्डिंग, म्हणजे क्लायंटशी झालेल्या बोलण्याची लेखी नोंद, सोमवारी द्यायचंय आणि मी ते सोडून हे लिहीत बसलेय. रेकॉर्डिंगमध्ये क्लायंट काय म्हणाली, मी काय म्हणाले, असंच जातं, बाकीचं डोक्यात फिरत राहतं, ते कुठेतरी उतरवायला पाहिजे.

आज होम व्हिजिटला त्या बाई मला म्हणाल्या, "ताई, रविवारी तुमच्या प्रार्थनेला आले तर माझं काम लवकर होईल का?" अगदी सरळ विचारलं, जणू कुठल्या खिडकीवर फॉर्म द्यायचा हे विचारतायत. त्यांचं काम म्हणजे मुलाच्या अपंगत्वाच्या सर्टिफिकेटसाठीचे कागद. मी फील्डवर्क करते त्या एजन्सीतून ते पुढे जातात, त्यात आमच्या ख्रिश्चन युनिव्हर्सिटीचा किंवा चर्चचा काडीचा संबंध नाही. पण माझ्या गळ्यात ओळखपत्र होतं, त्यावर लोगो, लोगोत क्रॉस. रोज घालून घालून मला तो दिसणंच बंद झालंय, त्यांना मात्र पहिल्याच मिनिटाला दिसला असणार.

मी समजावून सांगितलं की असं काही नाहीये, तुम्ही या, नका येऊ, कागद तसेच पुढे जाणार. त्या हो हो म्हणाल्या, आणि वर म्हणाल्या, "तरी पण मला यायला काही प्रॉब्लेम नाही." म्हणजे पटलेलं नाहीच.

गंमत म्हणजे अ‍ॅडमिशन घेतल्यापासून नातेवाईक मला एकच प्रश्न विचारतात, तिथे धर्म बदलायला सांगतात का गं. मी ख्रिश्चन नाही आणि मला इथे आजवर कोणी तसं सुचवलेलंही नाही. चॅपल ऐच्छिक आहे, मी कधीतरी जाते कारण कॅम्पसवर तेवढी शांत जागा दुसरी नाही. धर्म आणि नीतिमूल्यांवरचा एक पेपर सगळ्यांना आहे, आणि खरं सांगायचं तर तो स्टॅटिस्टिक्सपेक्षा खूप बरा आहे. तर दबाव, सक्ती असल्या गोष्टींची मी वाट बघत होते युनिव्हर्सिटीच्या बाजूने, आणि आल्या क्लायंटच्या बाजूने, त्याही उलट्या दिशेने, मी काही न मागताच त्या द्यायला तयार.

त्या पेपरमध्ये एका सिस्टरनी, म्हणजे ननने, आम्हाला चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट केस स्टडीसारखी वाचायला लावली होती. बायबलमधल्या लूकच्या दहाव्या अध्यायातली, यरीहोच्या वाटेत लुटून अर्धमेला टाकलेला माणूस, याजक बघून पुढे जातो, लेवी म्हणजे मंदिरातला सेवकही जातो, आणि ज्याच्या जमातीशी यहुद्यांचं पटत नाही तो शोमरोनी थांबतो. सिस्टर म्हणाल्या दया वगैरे राहू द्या, त्याने केलं काय ते लिहा. मग आम्ही लिहिलं, प्रथमोपचार, जनावरावर बसवून नेणं, निवाऱ्याची सोय, दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाकडे जबाबदारी सोपवून दोन दिनार देणं, आणि परत येईन तेव्हा उरलेला खर्च भागवीन हे सांगणं, म्हणजे चक्क रेफरल आणि फॉलो-अप. आणि त्या जखमीला तो काहीच विचारत नाही. तू कुठला, कोणाला मानतोस, बरा झाल्यावर काय करशील, काही नाही. (वर्गात एकाने विचारलं की त्या रस्त्यावरच्या चोरांचं काय. बरोबर आहे, मार्टिन ल्यूथर किंग यांनी 1967 मध्ये हेच म्हटलं होतं, की यरीहोचा तो अख्खा रस्ताच बदलायला हवा. आमच्या कम्युनिटी ऑर्गनायझेशनच्या सरांचं हे अत्यंत लाडकं उदाहरण आहे, दर महिन्याला येतं.)

आज घरी येताना मात्र मला तो रस्ता नाही, 1869 आठवत होतं. त्या वर्षी लंडनमध्ये चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी निघाली, आपलं केसवर्क, म्हणजे एकेका माणसाबरोबर किंवा कुटुंबाबरोबर करायचं काम, बऱ्याच अंशी तिथूनच आलंय असं शिकवतात. त्यांचे लोक गरिबांच्या घरी जायचे, चौकशी करायचे, नोंदी ठेवायचे, आणि ठरवायचे की हे कुटुंब मदतीला लायक आहे की नाही. दारू पितात का, घर स्वच्छ आहे का, चालचलन कसं आहे. परीक्षेत मी हे सगळं मुद्द्यांमध्ये लिहिलंय आणि मार्कही मिळवलेत, पण त्या चौकशीला सामोऱ्या जाणाऱ्या बाईने काय केलं असेल हा विचार तेव्हा केलाच नव्हता. तिने तेच केलं असणार जे आज या बाईंनी केलं. समोरच्याला काय आवडेल याचा अंदाज घेतला असेल आणि तसं वागली असेल. रविवारी प्रार्थनेला येते म्हणणं म्हणजे मी लायक आहे हो, लिहून घ्या, इतकंच. त्यांना आमच्या देवाशी काही घेणंदेणं नाही. आमच्या काय, माझा तर तो नाहीच.

आणि याचं औषध सांगणारा माणूस कोण, तर एक पाद्री! फेलिक्स बीस्टेक, जेझुइट या कॅथलिक संघाचे फादर, शिकागोच्या लोयोला युनिव्हर्सिटीत सोशल वर्क शिकवायचे. 1957 मध्ये त्यांनी केसवर्कमधल्या नात्याची सात तत्त्वं मांडली, ती जगभर सोशल वर्कच्या पोरांनी पाठ केलेली असतात, आम्हीही केली. क्लायंट आहे तसा स्वीकारा, त्याला दोषी ठरवायला बसू नका, त्याचा निर्णय त्याला घेऊ द्या, त्याची गोष्ट गुप्त ठेवा वगैरे. पहिल्यांदा कळलं तेव्हा मला विचित्र वाटलं होतं, ज्या माणसाच्या धर्मात पाप आणि कन्फेशन आहे तोच म्हणतोय की न्याय करू नका. आता वाटतं की त्यालाच ते कळणार, कारण धर्माच्या माणसासमोर लोक कसे लगेच शहाण्यासारखे वागायला लागतात हे त्याने जवळून बघितलं असेल. हा माझा अंदाज, पुस्तकात असं काही लिहिलेलं नाही.

पण फादर लोकांचं कौतुक करताना मागच्या टर्मचं ते लेक्चर विसरता येत नाही. कॅनडातल्या निवासी शाळा. सुमारे दीड लाख आदिवासी मुलं घरातून उचलून चर्चच्या चालवलेल्या आणि सरकारने पैसे पुरवलेल्या शाळांमध्ये घातली, त्यांची भाषा बंद केली, किती मुलं परतलीच नाहीत. 2015 मध्ये कॅनडाच्या सत्य आणि समेट आयोगाने अंतिम अहवालात याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटलं, पोप फ्रान्सिस यांनी 2022 मध्ये तिथे जाऊन माफी मागितली. ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत हे शिकवतात याचं मला बरं वाटलं, आणि मनातल्या मनात मी थोडी सुटल्यासारखीही झाले होते, की हे चर्चचं, आपलं नाही. तेवढ्यात मॅडमनी पुढची स्लाइड लावली. त्या शाळा कमी व्हायला लागल्या त्याच काळात, 1960 च्या आसपास आणि पुढची वीसेक वर्षं, तिथल्या बालकल्याण खात्याच्या सोशल वर्कर्सनी आदिवासी मुलं घरातून काढून परक्या कुटुंबांत दत्तक दिली. क्रॉस नव्हता त्यांच्या गळ्यात. फाइल होती.

वर्गात कोणी काही बोललं नाही. तसे आम्ही एरवी खूप बोलतो.

म्हणून आज मैत्रीण म्हणाली ना, की सोप्पंय, व्हिजिटला जाताना कार्ड उलटं फिरवत जा, ते मला पटलं नाही. एक म्हणजे एजन्सीचा नियम आहे की कार्ड दिसलं पाहिजे. दुसरं म्हणजे लपवलं आणि नंतर कळलं तर लोकांना वाटणार यांचं काहीतरी आहे. आणि तिसरं, क्रॉस झाकला तरी माझ्या हातात तो फॉर्म आहेच. त्या बाई फॉर्मला घाबरतायत. उद्या मी कुठल्याही रंगाच्या, कुठल्याही लोगोच्या कॉलेजातून गेले असते तरी त्यांनी त्या लोगोप्रमाणे काहीतरी देऊ केलंच असतं.

त्यापेक्षा पहिल्याच भेटीत, कागद काढायच्या आधी, बोलायचं असं ठरवतेय. मी अमुक युनिव्हर्सिटीची विद्यार्थिनी आहे, ती ख्रिश्चन आहे, तुम्हाला हे काम मिळण्यासाठी काहीही मानायची, कुठेही यायची गरज नाही, आणि मी तुम्हाला नाराज केलं तरी हा फॉर्म थांबणार नाही. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच तोंडात बसत नाहीये, फार धमकीसारखं ऐकू येतं. सुपरव्हिजनला विचारेन. सुपरव्हायझर बहुतेक म्हणतील की वाक्य पाठ करू नकोस, त्यांना विचार की याआधी मदत घ्यायला गेलात तेव्हा काय काय करावं लागलं. ते जास्त बरोबर असेल कदाचित.

एक गुंता मात्र सुटत नाही. त्या बाई रविवारी खरंच आल्या तर? येऊ नका असं मी म्हणू शकत नाही, त्यांचा निर्णय त्यांचा, बीस्टेक फादरच आडवे येतात. त्यांना खरंच यावंसं वाटत असेल हेही शक्य आहे, मी कोण ठरवणारी. फॉर्म आजच पुढे गेला असता तर प्रश्नच मिटला असता, मग आल्या असत्या तरी कामासाठी नाही हे निदान कळलं असतं. पण ऑफिस शनिवारी बंद, त्यामुळे सही सोमवारीच होणार.