एकतिसाव्या मिनिटाचा कॅन

हनोईतल्या एका खासगी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत माझं हे चौथं वर्ष. तेत, म्हणजे इथलं नवीन वर्ष, होऊन आठवडा झाला होता. संध्याकाळी सातच्या सुमारास दोन मुलांनी तिसऱ्याला दंडाला धरून आत आणलं. वय २०, कॉलेजचा विद्यार्थी. चाचपडत चालत होता. "इतका पांढरा उजेड कशाला लावलाय?" असं सारखं विचारत होता. त्या खोलीतले निम्मे दिवे तेव्हा बंद होते.

दुपारी त्याला एका दवाखान्यात नेलं होतं. तिथे 'रात्रीची उतरेल' म्हणून सलाईनची एक बाटली लावून घरी पाठवलं. त्याचा मला अजूनही राग येतो, कारण मुलाचा श्वासच सगळं सांगत होता. जिना धावत चढून आल्यासारखा खोल, भराभर. ऑक्सिजन मात्र उत्तम. धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत (एबीजी) पीएच ६.९८ आला. रक्तात आम्ल साचलं होतं.

काय प्यायला? मित्र म्हणाले, बिअर. किती? दोघं गप्प. मग एकानं मान खाली घालून फोन पुढे केला. "ची, काल रात्री सगळं लाइव्ह केलं होतं." व्हिएतनामीत आधी नातं लावल्याशिवाय बोलताच येत नाही. ची म्हणजे ताई.

व्हिडिओ ४७ मिनिटांचा. कॉमेंट्स नर्स मला वाचून दाखवत होती. चटईवर सहा जण, मध्ये उकळतं हॉटपॉट. बाइकवाल्यांची दारूची तपासणी कडक झाल्यापासून आम्ही खोलीवरच बसतो, असं मित्र सांगत होता. "मोत, हाय, बा, झो!" एक, दोन, तीन, आत! मग "मोत चाम फन चाम", शंभर टक्के, म्हणजे ग्लास एका दमात रिकामा. प्रत्येक ग्लासागणिक पडद्यावर बदाम उडत होते आणि 'अजून एक' येत होतं. पंगतीत कुणी काका-मामा तरी 'पुरे आता' म्हणतो. इथे शेकडो माणसं होती आणि तसं म्हणणारं एकही नव्हतं. दुसऱ्याला प्यायला भरीस घालायला व्हिएतनामच्या कायद्यानं २०२० पासून बंदी आहे. कॉमेंटमधून भरीस घालणाऱ्याला कोण पकडणार?

एकतिसाव्या मिनिटाला मी व्हिडिओ थांबवला. बिअर संपली होती. एका हातानं पांढरा प्लास्टिकचा कॅन ओढला. लेबल नाही, झाकणाला पिशवीची गाठ. ऑनलाइन मागवलेली तांदळाची दारू.

"मेथॅनॉल," मी म्हणाले. भेसळीच्या दारूतलं विषारी अल्कोहोल. पोटात गेल्यावर ते साध्या दारूसारखंच चढतं. यकृतात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं, आणि ते डोळ्याच्या नसेवर जातं. सोबत बिअर असली की यकृत आधी तिच्या मागे लागतं आणि विषाची लक्षणं उशिरा दिसतात. याच कारणानं साधी दारू हेच त्यावरचं औषधही आहे. २०१८ च्या अखेरीस क्वांग त्री प्रांतातल्या डॉक्टरांनी अशाच एका रुग्णाच्या पोटात १५ कॅन बिअर सोडून त्याला वाचवलं होतं. आमच्याकडे फोमेपिझोल, म्हणजे या विषावरचा उतारा, नव्हतं. नाकातल्या नळीतून मोजून इथेनॉल, म्हणजे साधी दारूच, सुरू केलं, आम्ल उतरवायला बायकार्बोनेट दिलं, नऊ वाजता डायलिसिसला घेतलं.

मग लक्षात आलं, व्हिडिओत सहा जण आहेत आणि इथे तीनच. त्या दोघांचं रक्त तपासायला पाठवलं आणि व्हिडिओ मागे नेऊन चेहऱ्यागणिक ग्लास मोजत बसले. लाल स्वेटरमधल्या मुलीचा चेहरा पहिल्याच ग्लासात स्वेटरसारखा झाला होता. पूर्व आशियात पुष्कळांचं, दारूपासून शरीरात बनणारं ॲसिटाल्डिहाइड पचवणारं एन्झाइम जन्मतः मंद असतं. तरीही पीत राहिलं तर अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका फार वाढतो. कॉमेंट्समध्ये तिला 'टोमॅटो' म्हणत होते, 'पी, सवय होईल' म्हणत होते. कॅन आला तेव्हा तिनं ग्लास उपडा ठेवला.

उरलेल्यांना फोन लावला. तो तिनंच उचलला आणि उरलेल्या दोघांना खोलीवरून उठवून आणलं. त्यातल्या एकाचा श्वास तसाच चालला होता. रात्री अकराला दुसरं डायलिसिस लागलं. सगळे वाचले.

तिसऱ्या दिवशी मी त्या मुलापुढे बोटं धरली. "दोन," तो म्हणाला. बरोबर होतं. पण माझ्या चेहऱ्याच्या मधोमध त्याला अजून धुकं दिसत होतं. लाल स्वेटरवाली शेजारी बसून त्याच्या आईला व्हिडिओतला कॅन दाखवत होती. इतरांनी सांगूनही तिनं तो व्हिडिओ डिलीट केला नव्हता. पोलिसांकडे न्यायचा होता.