पाचर, पाच स्प्रिंगा आणि न पाडलेलं भोक

दीड महिना झाला, टेबलावर इलेक्ट्रिक गिटारची एक बॉडी पडून आहे. अल्डरची. नेकचा खड्डा कोरलेला आहे, पिकअपचे कप्पे तयार आहेत, फक्त ब्रिजची, म्हणजे तारा जिथे बॉडीवर टेकतात त्या धातूच्या भागाची, जागा कोरी. मी मुद्दामच तशी मागवली होती, "ब्रिजचं नंतर बघू" म्हणून. ते नंतर आता आलंय आणि माझ्याच्याने ठरत नाहीये.

ट्रेमोलो, म्हणजे दांडीने हलवून सूर खालीवर करता येणारा ब्रिज, बसवायचा तर बॉडीला आरपार खिडकी पाडायची, मागून स्प्रिंगांसाठी खण कोरायचा. फिक्स्ड, म्हणजे हार्डटेल, बसवायचा तर तारांसाठी सहा भोकं, चार-पाच स्क्रू आणि काम संपलं. हार्डटेलचा पुढेमागे ट्रेमोलो करता येतो, राउटर (लाकूड कोरायचं यंत्र) चालवायची हिंमत असेल तर. उलट जायचं तर लाकूड भरत बसावं लागतं. म्हणून ठरवलं, की नव्या बॉडीला हात लावण्याआधी जुन्या स्ट्रॅटवर, म्हणजे माझ्या ट्रेमोलोवाल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर, सगळे प्रकार वाजवून बघायचे. विकत काहीच घ्यायचं नाही, स्क्रूड्रायव्हर आणि लाकडाचा एक तुकडा पुरतो. ही त्याची नोंदवही.

आठवडा १ आणि २: तरंगता ब्रिज

जुनी गिटार आहे तशीच. तीन स्प्रिंगा, नऊच्या तारा (सगळ्यात बारीक तार ०.००९ इंचाची), ब्रिजची मागची कड बॉडीपासून साधारण ३ मिलिमीटर वर. स्ट्रॅट बनवणाऱ्या फेंडर कंपनीच्या सेटअपमध्येही एवढंच अंतर सांगितलेलं असतं, १/८ इंच.

ज्यांनी मागचं झाकण कधी उघडलंच नाही त्यांच्यासाठी: साडेपंचवीस इंच स्केलवर (तारेच्या वाजणाऱ्या लांबीवर) नऊच्या सहा तारा मिळून ब्रिजला ३८ किलोच्या आसपास ओढतात. दहाच्या लावल्या तर ४६-४७ किलो. मागून स्प्रिंगा उलट्या बाजूला ओढतात. या रस्सीखेचीत दोघं जिथे बरोबरीत थांबतात, तिथे ब्रिज तरंगतो. त्यामुळे एका तारेला काहीही केलं तरी उरलेल्या पाचजणींना त्याची खबर लागते.

खबर किती लागते ते ट्यूनर लावून मोजलं. खालची, म्हणजे जाड ई मोकळी वाजत ठेवली आणि जी (G) तार सातव्या पट्टीवर एक स्वर वर खेचली. ई २२ सेंट उतरली (शंभर सेंट म्हणजे अर्धा स्वर). कानाला हे स्पष्ट बेसूर लागतं. एक तार खेचायची आणि शेजारची स्थिर धरायची, अशा टेलिकास्टरवाल्या (फेंडरच्या फिक्स्ड ब्रिजवाल्या गिटारच्या) जागा इथे नीट लागतच नाहीत. वर बोटांनाही जास्त खेचावं लागतं, कारण तुम्ही तार ओढता तेव्हा ब्रिज थोडा पुढे झुकून तुमची मेहनत खाऊन टाकतो. इतकी वर्षं मला वाटायचं, माझीच बोटं कमजोर आहेत.

मग पाच स्प्रिंगा लावल्या आणि क्लॉचे (स्प्रिंगांची दुसरी टोकं जिला अडकवलेली असतात त्या पट्टीचे) स्क्रू सैल करून ब्रिज पुन्हा त्याच उंचीवर आणला. एकूण ताण तोच, कारण तारा त्याच आहेत. पण आता प्रत्येक स्प्रिंग कमी ताणलेली आहे आणि पाचही मिळून जास्त कडक झाल्या आहेत. तोच बेंड, तीच ई: १४ सेंट. दांडी मात्र जड झाली. तिचा नाजूक थरथराट गेला, आता ती हँडपंपासारखी दाबावी लागते.

उजव्या हाताचीही एक खोड सापडली. पाम म्यूट करताना, म्हणजे तळव्याने तारांचा आवाज दाबताना, माझा तळवा ब्रिजच्या मागच्या कडेवर रेलतो. तरंगत्या ब्रिजवर तेवढ्याने सगळ्या तारा चढतात. रेकॉर्डिंग ऐकेपर्यंत मला याचा पत्ता नव्हता. रिफ वाजवताना चढा, कॉर्ड सोडला की जागेवर.

आता जमेची बाजू, कारण ती खरंच आहे. दांडी वर ओढली की जी (G) तार साधारण दीड स्वर वर जाईल, असा ब्रिज लावून घेतला. त्याच ओढीत बी एक स्वर चढते आणि वरची ई अर्धा. प्रत्येक तार आपापल्या हिशोबाने चालते, म्हणून दांडी दाबल्यावर अख्खा कॉर्ड सरळ खाली न जाता विरघळत जातो. ती चव बोटांनी येत नाही. आपण ज्याला मींड म्हणतो ती एका तारेवर बोटांनी काढता येते, पण सहा तारांची एकदम, आणि तीही एकमेकींपासून फुटत जाणारी, फक्त इथेच.

(जाता जाता: "ट्रेमोलो" हे नावच चुकीचं आहे. ट्रेमोलो म्हणजे आवाजाच्या जोरातला चढउतार, सुरातला चढउतार तो व्हायब्रेटो. लिओ फेंडरने १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरवर या यंत्रणेला ट्रेमोलो म्हटलं आणि स्वतःच्या अँप्लिफायरवर खऱ्या ट्रेमोलोला व्हायब्रेटो. दोन्ही नावं उलटी, आणि आपण सत्तर वर्षं तीच चालवतोय.)

दुसऱ्या आठवड्यात वरची ई तुटली. एका तारेचा ओढा गेल्याबरोबर स्प्रिंगा जिंकल्या आणि उरलेल्या पाच तारा चढल्या. घरात होतो म्हणून हसलो. चार माणसांसमोर असतो तर दुसरी गिटार शोधत बसलो असतो.

एक कबुली. सूर टिकत नाही म्हणून मी ज्या ट्रेमोलोला वर्षभर शिव्या घातल्या, त्याचा दोष निम्म्याहून जास्त नटचा, म्हणजे नेकच्या टोकाशी तारांच्या खाचा असलेल्या पट्टीचा, होता. दांडी सोडल्यावर जी (G) तार चढी राहायची आणि "टिंक" असा आवाज करत जागेवर यायची. नटच्या खाचेत शिसपेन्सिलीची पूड घासली आणि टिंक गेलं. नवा ब्रिज घ्यायच्या विचारात असाल तर आधी एवढं करून बघा.

आठवडा ३: ब्रिज बॉडीवर टेकवून

पाचही स्प्रिंगा, क्लॉचे दोन्ही स्क्रू आत, ब्रिजची प्लेट बॉडीवर घट्ट बसलेली. दांडी खाली दाबता येते, वर ओढता येत नाही.

ब्रिज खाली गेला तशा सॅडलही, म्हणजे ब्रिजवर एकेक तार जिच्यावर टेकते ते तुकडेही, खाली गेल्या. पहिल्या संध्याकाळी सगळ्या पट्ट्यांवर तारा खरखरत होत्या, आणि मी नेक वाकली म्हणून ट्रस रॉडकडे (नेकचा बाक सुधारणाऱ्या आतल्या सळईकडे) निघालो होतो. तसं करू नका. सॅडलचे स्क्रू वर घ्या, मग बाराव्या पट्टीवर इंटोनेशन, म्हणजे दाबलेला सूर बरोबर लागतो का ते, पुन्हा तपासा.

एवढं झाल्यावर तीच चाचणी. जी खेचली, ई जागची हलली नाही. खालची ई डी-वर उतरवली, बाकीच्या पाच जशाच्या तशा राहिल्या. तरंगत्या ब्रिजवर हेच केलं असतं तर सगळी गिटार पुन्हा लावावी लागली असती, तीही दोन-तीन फेऱ्या. पाम म्यूटही सुटला.

या आठवड्यात शेजारी एक कागद ठेवला होता. दांडीला हात गेला की एक रेघ. आठवड्यात ४१ रेघा झाल्या. त्यातल्या तिसाहून जास्त ओळीच्या शेवटी लांब कॉर्डवर हलकासा कंप द्यायला. वर ओढायची आठवण झाली फक्त तीनदा. पहिल्या आठवड्यात ज्या दीड स्वराचं मी एवढं कौतुक केलं, त्याचा माझ्या हातातला खरा खप हा एवढा!

आठवडा ४: पाचर

आता दांडीच बंद. ब्रिजखाली खणात लोंबणारा धातूचा ठोकळा (स्प्रिंगा त्यालाच अडकतात) आणि खणाची मागची भिंत, म्हणजे बॉडीच्या शेपटाकडची बाजू, यांच्यामध्ये लाकडाची पाचर. दांडी दाबली की ठोकळ्याचं खालचं टोक शेपटाकडे सरकतं, म्हणून अडवायचं तिथे. मी पहिल्यांदा ती उलट्या बाजूला, स्प्रिंगांकडे बसवली आणि दांडी आरामात दाबली गेली. ब्रिज टेकलेला असताना त्या बाजूला पाचर घालण्यात काही अर्थ नाही.

पहिली पाचर पॅकिंगच्या मऊ लाकडाची होती, दोन दिवसांत चेपली. दुसरी एका मोडक्या नेकच्या मेपलची, घासत घासत साडेअकरा मिलिमीटरवर आणली. अंगठ्याने दाबून बसते आणि आपोआप निघत नाही, तेवढी. गिटारवादक एरिक क्लॅप्टननेही आपल्या स्ट्रॅटमध्ये पाच स्प्रिंगा ठेवून मागे लाकडाचा ठोकळा घातला होता, त्यामुळे या उद्योगाला घराणं तरी चांगलं आहे.

आवाजात फरक पडला का? सस्टेन वाढला असं छातीठोकपणे म्हणणार नाही, माझ्या कानाला तो पकडता आला नाही. एक फरक मात्र नक्की आहे. अँप्लिफायर बंद ठेवून जोरात स्ट्रम करा आणि लगेच सगळ्या तारा दाबा. तरंगत्या ब्रिजवर मागे स्प्रिंगा बारीक झिंग करत राहतात, सतारीच्या तरफांसारख्या. पाचर घातल्यावर ती झिंग अर्ध्यावर आली. मला ती आवडते की नाही हे चार आठवड्यांनंतरही सांगता येत नाही. स्वच्छ आवाजात आवडते, जास्त गेनवर चिडचिड होते.

या आठवड्यात करंगळी तीनचार वेळा दांडी शोधत हवेत फिरून आली. आणि व्हायब्रेटो पूर्णपणे बोटांवर आला तेव्हा कळलं, की माझी अनामिका किती आळशी आहे. दांडीने वर्षानुवर्षं तिची पापं झाकली होती.

"फ्लॉइड रोज" नावाचा ट्रेमोलो का नाही, हा प्रश्न येणारच. १९७९ चं पेटंट, नटवर आणि ब्रिजवर दोन्हीकडे तार कुलूपबंद, कितीही खाली पाडा, सुरात परत येतो. एक होता माझ्याकडे. तार बदलायची तर तिचं गोल टोक कापा, ॲलन की शोधा, एकेक करून बदला. तो आता ज्याच्याकडे आहे तो खूश आहे, मीही.

आठवडा ५: भोकं

ठरलं. जुनीचा ब्रिज टेकलेलाच राहील, पाचर काढून, त्या तीस रेघांसाठी. नव्या बॉडीवर हार्डटेल. एकच गिटार ठेवायची असती तर टेकवलेला ट्रेमोलो निवडला असता.

हार्डटेलची जागा ठरवताना एकच मोजमाप महत्त्वाचं. नटपासून बाराव्या पट्टीपर्यंत ३२४ मिलिमीटर, त्याची दुप्पट ६४८. वरच्या ई ची सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे आणून त्या रेषेवर धरायची, कारण बाकीच्यांना मागेच सरकायचं असतं, जाड ई ला तर तीनेक मिलिमीटर. मग दोन्ही ई च्या जागी दोरा ताणून तो नेकच्या दोन्ही कडांपासून सारखा आहे का ते बघायचं. यात एक अख्खी दुपार गेली. स्क्रूच्या खुणा टोच्याने केल्या, ड्रिल लगेच लावलं नाही.

तारांची सहा भोकं हातातल्या ड्रिलने पाडली, गुण्या शेजारी उभा करून. वरून सहाही एका ओळीत. बॉडी उलटी केली तर चौथं भोक पाठीमागे दीड मिलिमीटर भरकटलेलं. दोन्ही बाजूंनी अर्धं-अर्धं पाडायला हवं होतं. पाच फेरूल (भोकांच्या तोंडात बसणाऱ्या धातूच्या टोप्या) शिस्तीत उभे आणि एक रांगेतून डोकावतोय. वाजवताना दिसत नाही. मला माहीत आहे.

तारा चढवल्या, अँप्लिफायर लावला आणि घुंई. तारांना हात लावला तरी घुंई तशीच. पिकअप उपसले, जॅक पुन्हा सोल्डर केला, तासभर घालवला. मग ट्यूब पेटली. ट्रेमोलोमध्ये अर्थची वायर मागे क्लॉला सोल्डर केलेली असते आणि तिथून स्प्रिंगांतून तारांपर्यंत पोचते. इथे क्लॉच नाही. वायर ब्रिजच्या प्लेटखाली यायला हवी, आणि तिच्यासाठी मी भोकच पाडलं नव्हतं.

ब्रिज काढला. कंट्रोलच्या कप्प्यातून तिरकं लांब भोक, वायरचं टोक सोलून पंख्यासारखं पसरलं, वर प्लेट कसली. आता तारेला हात लावला की घुंई थांबते.

डी तार मोकळी वाजवली की अजून कुठूनतरी बारीक "झिर्र" येतंय. स्प्रिंगा तर नाहीत. सॅडलच्या उंचीचा एखादा स्क्रू सैल असावा, उद्या एकेक दाबून बघतो.